एक ठिपका म्हणजे एक कुटुंब?

रोमच्या उत्तरेकडच्या प्रदेशावरचं कुठलंही पुस्तक उघडा, त्यात एक नकाशा सापडतोच. उजवीकडून टायबर नदी वळणं घेत खाली येते, रोममधून निघालेले कासिया आणि फ्लामिनिया हे जुने रस्ते वर सरकत जातात, आणि त्या सगळ्यावर काळे ठिपके पसरलेले असतात. कोपऱ्यात चिन्हांची सूची: चौकोन म्हणजे व्हिला, बारीक ठिपका म्हणजे शेतकऱ्याचं घर. नकाशा बघताना आपण सूचीकडे एकदाच नजर टाकतो आणि पुढे निघतो. माझी तक्रार त्या सूचीबद्दल आहे. ठिपके बहुतेक बरोबर आहेत. त्या ठिपक्याला ‘घर’ कुणी म्हटलं आणि कशाच्या जोरावर म्हटलं, हे तपासायला हवं, कारण रोमन शहरं आणि त्यांच्या भोवतालच्या खेड्यांबद्दल गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे काही लिहिलं गेलं त्यातला बराच भाग या एका शब्दावर उभा आहे.

आधी हे ठिपके येतात कुठून ते सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीत खेड्यांचं रूप झपाट्याने बदललं. १९५० च्या जमीन सुधारणेत मोठ्या जमीनदाऱ्या फुटल्या, ट्रॅक्टर आले, खोल नांगरट सुरू झाली, आणि शतकानुशतकं जमिनीखाली निवांत पडलेल्या रोमन भिंती, कौलं, खापरं वर येऊ लागली. वर आली म्हणजे नष्टही होऊ लागली. रोममधल्या ब्रिटिश स्कूलचे तेव्हाचे संचालक जॉन वॉर्ड-पर्किन्स यांनी हे पाहिलं आणि माणसं घेऊन शेतं पायाखाली घालायला सुरुवात केली. १९५० च्या दशकात सुरू झालेलं हे काम १९७० च्या दशकापर्यंत चाललं. दक्षिण एट्रुरिया सर्वेक्षण म्हणून ते ओळखलं जातं. पद्धत साधी होती. नांगरलेल्या शेतातून चालायचं, खापरं आणि कौलांचे तुकडे कुठे दाट पडलेत ते बघायचं, नमुने गोळा करायचे, नकाशावर खूण करायची. काळ्या झिलईची भांडी सापडली तर रोमन प्रजासत्ताकाचा काळ, तांबडी चकचकीत भांडी सापडली तर सम्राटांचा सुरुवातीचा काळ, उत्तर आफ्रिकेतून आलेली लाल लेपाची भांडी सापडली तर त्यानंतरचा.

मग वर्गवारी. पसारा मोठा असेल, त्यात संगमरवराचे तुकडे, मोझेइकचे बारीक चौकोनी दगड, रंगवलेला गिलावा असेल तर व्हिला. पसारा लहान, नुसती कौलं आणि भांडी, तर शेतकऱ्याचं घर. कौलंही नसतील तर झोपडी. झालं! खणलं कुणीच नाही, आणि खणणं शक्यही नव्हतं, कारण ठिपके हजारांवर होते आणि नांगर थांबणार नव्हते. त्या माणसांनी केलं ते काम नसतं झालं तर आज या प्रदेशाबद्दल बोलायला आपल्याकडे जवळजवळ काहीच उरलं नसतं. तेव्हा पुढे जे लिहितोय ते त्यांना नावं ठेवण्यासाठी नाही.

या ठिपक्यांनी एक मोठी लढाई जिंकली होती, हे इथे सांगायलाच हवं. प्लुटार्कने टायबेरियस ग्राकसचं चरित्र लिहिलंय, त्यात एक गोष्ट येते. टायबेरियस इ.स.पू. १३७ मध्ये स्पेनमधल्या नुमान्तियाच्या लढाईला निघालेला असताना एट्रुरियातून गेला. वाटेत त्याला स्वतंत्र शेतकरी दिसेचनात. शेतं कसणारे आणि गुरं राखणारे सगळे परदेशातून आणलेले गुलाम. ते पाहून त्याच्या डोक्यात जमीनवाटपाच्या कायद्याचा विचार आला, असं त्याचा भाऊ गायस याने एका पत्रकात लिहिलं होतं म्हणे. म्हणजे भावाने भावाच्या राजकारणासाठी लिहिलेलं, ते प्लुटार्कने दोनेकशे वर्षांनी वाचलेलं. तरीही इतिहासकारांनी त्यावर एक अख्खी कहाणी रचली: हानिबालच्या युद्धानंतर छोटा शेतकरी देशोधडीला लागला, त्याच्या जमिनी धनिकांनी गिळल्या, गुलामांचे मळे उभे राहिले, आणि उरलेले शेतकरी रोमच्या गल्ल्यांमध्ये फुकट धान्याची वाट बघत बसले. अर्नोल्ड टॉयन्बींचा १९६५ चा दोन खंडी ग्रंथ या कहाणीचं सर्वांत भारदस्त रूप.

आणि नेमक्या त्याच एट्रुरियाच्या दक्षिण भागात वॉर्ड-पर्किन्सच्या मंडळींना इ.स.पू. दुसऱ्या शतकातली खापरं शेकडो ठिकाणी सापडली. ठिपकेच ठिपके. शेतकरी तर इथेच आहेत की! पुस्तकी विद्वानांना जमिनीने दिलेलं हे उत्तर होतं आणि पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना ते आजही मोठ्या अभिमानाने शिकवलं जातं. सामान्य माणसांचा इतिहास लिहायचा तर लिखाणाकडे नाही, खापरांकडे जायला हवं, हे या प्रकरणातून शिकलेल्या दोन-तीन पिढ्या आहेत. मीही त्यातलाच.

पण जिंकलेल्या लढाईचा एक तोटा असतो. हत्यार कोणतं वापरलं ते पुन्हा कुणी तपासत नाही. ठिपका म्हणजे घर, घर म्हणजे कुटुंब, कुटुंब म्हणजे चार-पाच माणसं, व्हिला म्हणजे वीस-पंचवीस. मग गुणाकार. सर्वेक्षणात सगळेच अवशेष सापडत नाहीत म्हणून वर आणखी एक गुणक. या गुणाकारातून लोकसंख्या निघते, आणि तिथे प्रकरण फार महागात पडतं.

कसं ते बघा. इ.स.पू. ७० च्या जनगणनेत रोमन नागरिकांचा आकडा साधारण ९ लाखांचा आहे. इ.स.पू. २८ मध्ये ऑगस्टसने केलेल्या गणनेत तो एकदम ४०,६३,००० होतो. आकडा त्याने स्वतःच नोंदवून ठेवलाय. मधल्या चाळीसेक वर्षांत यादवी युद्धं झालेली, आणि लोक चौपटीहून जास्त झाले? एक पक्ष म्हणतो, ऑगस्टसने बायकामुलंही मोजली. बेलोक, ब्रंट हे या बाजूचे. दुसरा पक्ष म्हणतो, नाही, नेहमीप्रमाणे फक्त प्रौढ पुरुषच मोजले, आधीच्या गणनाच अपुऱ्या होत्या. लो काशियो या बाजूचे. पहिलं खरं मानलं तर इटलीत एक प्रकारचा समाज दिसतो, विरळ वस्तीचा. दुसरं खरं मानलं तर माणसं दोन-तीन पटीने जास्त, म्हणजे जमिनीवर प्रचंड ताण, शहरांना खाऊ घालण्याचं गणित वेगळं, गुलामांचं प्रमाण वेगळं, सगळंच वेगळं. लिखित पुराव्यातून हा वाद मिटत नाही. म्हणून सगळ्यांनी माना वळवून ठिपक्यांकडे पाहिलं. तुम्ही शेतं फिरलात ना, मग सांगा किती माणसं होती.

हा प्रश्न ठिपक्यांना झेपतो का? आता ज्या पुस्तकामुळे हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो. ‘रोमन पेझंट प्रोजेक्ट’. किम बोव्ज आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००९ ते २०१४ या काळात तोस्कानातल्या चिनिजानो गावाच्या परिसरात केलेल्या उत्खननाचा दोन खंडी अहवाल, २०२१ मध्ये बाजारात आला. त्यांनी केलं काय, तर जे कुणी करत नाही ते: सर्वेक्षणात सापडलेले बारके ठिपके निवडले आणि ते खणले. परिसराचं आधीचं सर्वेक्षण मारियाएलेना गिझलेनी हिने आपल्या संशोधनासाठी केलं होतं, ती या चमूत होतीच. मोझेइक नाही, पुतळे नाहीत, संग्रहालयात ठेवण्यासारखं काही मिळण्याची आशा नाही. अशा जागांसाठी निधी मागणं म्हणजे काय असतं हे ज्यांनी कधी अर्ज लिहिलाय त्यांना कळेल.

खणल्यावर निघालं काय? कोल्ले मास्सारी इथला ठिपका म्हणजे शेतातलं पाणी काढून देणारा चर. घर सोडाच, भिंतसुद्धा नाही. चर बुजवताना त्यात टाकलेली फुटकी कौलं आणि खापरं नांगराने वर आणली होती, आणि वरून बघणाऱ्याला ते शेतकऱ्याचं घर वाटलं असतं. पोज्जो देल्लामोरे इथे एक लहानशी बांधणी, बहुधा जनावरांसाठी. कासे नुओव्हे इथे घाणा, म्हणजे द्राक्षं किंवा ऑलिव्ह पिळण्याची जागा, आसपासच्या लोकांनी मिळून वापरावी अशी. मार्त्सुओलो इथे तर कारागिरांची वस्ती, जिथे तांबडी चकचकीत भांडी बनत होती. पोदेरे तेर्रातोसारख्या एखाद्या ठिकाणी ‘हे राहतं घर असावं’ असं म्हणता येतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी सूचीत ठिपका होता, ती गोष्ट सर्वांत कमी सापडली.

एवढ्यावर कुणी म्हणेल, बरं, मग शेतकरी नव्हतेच, टायबेरियसच खरा होता. तसंही नाही. चर कुणीतरी खणला. गोठा कुणीतरी बांधला. आणि या जागांवर चांगल्या प्रतीची, विकत घेतलेली भांडी सापडतात, अगदी गोठ्यासारख्या जागीसुद्धा. परागकण, बिया, हाडं यांचा अभ्यास करून या मंडळींनी दाखवलंय की इथली शेती नुसत्या गव्हावर चाललेली नव्हती. धान्य, मग कडधान्य किंवा चारा, मग चराऊ रान, अशी पाळी फिरवली जायची. म्हणजे कष्ट भरपूर, नियोजनही भरपूर. बोव्जचं म्हणणं असं, की हे लोक एकाच जागी खुंट्याला बांधल्यासारखे राहत नव्हते. त्यांचं जगणं निरनिराळ्या जागांमध्ये वाटलेलं होतं: झोपायची जागा एक, जनावरं दुसरीकडे, घाणा तिसरीकडे, हंगामात राखणीला चौथीकडे. एका कुटुंबाचे चार ठिपके.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपल्याकडे एकाच घरादारासाठी गावातलं घर, शेतावरची वस्ती, गोठा, खळं, राखणीचा माळा, कोकणात मांगर, असे वेगवेगळे शब्द आहेत आणि त्यातला कुठलाही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. उद्या कुणी मोटारीच्या खोलीजवळ फुटक्या कपबश्या बघून तिथे एक कुटुंब नांदत होतं असं लिहिलं तर आपण हसू. गंमत म्हणजे रोमन कायद्यालाही हे ठाऊक होतं. लॅटिनमध्ये ‘तुगुरियुम’ असा शब्द आहे, कोशात त्याचा अर्थ झोपडी. पण कायद्याच्या संहितेत त्याची व्याख्या दिलीय ती अशी, की शहरी घरापेक्षा शेताच्या राखणीला जास्त शोभेल अशी कुठलीही बांधणी. त्यात कुणी राहतं की नाही हा त्या व्याख्येचा मुद्दाच नाही. रोमन वकिलांना कळलेली गोष्ट आपल्या नकाशांच्या सूचीत मात्र आली नाही.

इथे एक सावधगिरी. ठिपके माणसांची संख्या फुगवून दाखवतात असं मी म्हटलं, पण ते उलटही करतात, आणि तेही जबरदस्त. त्यासाठी इटली सोडून थोडं ब्रिटनमध्ये जावं लागेल, कारण तिथलं एक उदाहरण यासाठी फार नेमकं आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेजवळ रॉक्सिटर नावाचं खेडं आहे. रोमन काळात तिथे विरोकोनियुम हे शहर होतं, रोमन ब्रिटनमधल्या सर्वांत मोठ्या चार-पाच शहरांपैकी एक. १९९० च्या दशकात बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी तटबंदीच्या आतली जवळजवळ सगळी जागा यंत्रांनी तपासली आणि त्याच वेळी भोवतालचा मुलूखही पालथा घातला. शहरात रस्ते, घरं, स्नानगृह, बाजार सगळं. बाहेर? विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत चरांनी वेढलेली शेतकुंपणं भरपूर दिसतात, पण त्यांच्यात रोमन खापरं अगदी तुरळक. लोक तिथे राहत होते, शेती-गुरं करत होते, पण शहरातली भांडी घरात आणत नव्हते. लाकडाची, कातड्याची वापरत असतील. त्यांची श्रीमंती गुरांमध्ये होती असा अंदाज आहे. इटलीची सूची तिथे नेली तर अख्खा मुलूख ओसाड ठरेल.

तर एका बाजूला एका कुटुंबाचे चार ठिपके, दुसऱ्या बाजूला चाळीस कुटुंबांचा एकही नाही. लोकसंख्येचं गणित करणारे म्हणतात, दोन्ही चुका एकमेकींना मारतात, सरासरी काढू. नाही हो, मारत नाहीत. पहिली चूक तिथे होते जिथे लोक बाजारातून भरपूर माल आणतात. दुसरी तिथे, जिथे आणत नाहीत. म्हणजे ठिपके आपल्याला माणसं सांगत नाहीत, माणसांची खरेदी सांगतात. इसवी सनाच्या तिसऱ्या-चौथ्या शतकांत रोमच्या भोवतालचे ठिपके घटतात, त्याचा अर्थ खेडी ओस पडली असा लावायचा की आफ्रिकेतली भांडी तिथवर पोचायची बंद झाली असा लावायचा, हा प्रश्न त्यामुळेच इतका चिवट आहे. टायबर खोरे प्रकल्पाने १९९७ पासून वॉर्ड-पर्किन्सच्या काळात गोळा केलेली खापरं पुन्हा काढून तपासली, त्यांच्या तारखा नव्याने लावल्या. काम उत्तम आहे, आणि २०२० मध्ये त्याचा समारोपाचा ग्रंथही आला. पण तारखा कितीही सुधारल्या तरी सूचीतला ‘घर’ हा शब्द त्याने सुधारत नाही.

आता शहराकडे. त्याच २०२० सालच्या जून महिन्यात फालेरी नोव्हीची बातमी जगभर झळकली. रोमच्या उत्तरेला पन्नासेक किलोमीटरवरचं हे शहर. इ.स.पू. २४१ मध्ये फालेरीच्या लोकांनी बंड केलं, रोमने सहा दिवसांत ते मोडलं, आणि टेकडीवरचं जुनं शहर सोडायला लावून सपाटीवर नवं वसवलं. तटाच्या आत ३०.५ हेक्टर. मध्ययुगात ते ओस पडलं आणि वर पुन्हा शहर झालं नाही, त्यामुळे आज तिथे शेत आहे. केंब्रिज आणि गेन्टच्या संशोधकांनी चारचाकी मोटरबाइकमागे रडारचं यंत्र जोडून अख्खं शेत पिंजून काढलं आणि एकही कुदळ न मारता शहराचा आराखडा समोर ठेवला. स्नानगृह, बाजाराची इमारत, देवळं, उत्तर दरवाजाजवळ स्तंभांच्या ओळींचं एक मोठं सार्वजनिक आवार ज्याची कुणाला कल्पना नव्हती. पाण्याचे नळ घरांच्या चौकांखालून गेलेले, म्हणजे इमारतींच्या आधी नळ टाकलेले. विलक्षण लेख आहे, वाचाच.

वर्तमानपत्रांनी मात्र ‘हरवलेलं रोमन शहर सापडलं’ असं छापलं. अहो, त्याचे तट आजही उभे आहेत! दरवाज्यातून माणसं जा-ये करतात. १९९७-९८ मध्ये सायमन की आणि मार्टिन मिलेट यांनी चुंबकीय पद्धतीने त्याचा आराखडा काढलाही होता. असो. वर्तमानपत्रांचं सोडा. मला खुपतं ते वेगळं. फालेरी नोव्ही आणि त्याच्या भोवतालची शेतं एकाच चित्रात ठेवली की काय दिसतं? तटाच्या आत खांब न् खांब. तटाच्या बाहेर ठिपके. आत गल्लीबोळ, नळ, दुकानांच्या भिंती, बाहेर खापरांच्या खुणा. बघणाऱ्याच्या मनात आपोआप उतरतं, की आत व्यवस्था होती आणि बाहेर पांगापांग. हा फरक रोमन काळातला नाही, आपल्या यंत्रांतला आहे. रडार शहरात फिरवलं, शेतात माणसं फिरवली. शेतातल्या पंधरा ठिपक्यांवर तेच रडार फिरवलं असतं तर कदाचित बाहेरही चर, बांध, वाटा, घाणे यांचं विणकाम दिसलं असतं. २०२१ पासून फालेरी नोव्हीत उत्खनन सुरू झालंय, तेही तटाच्या आतच.

शहर आणि खेडं यांच्या नात्याबद्दलचा आपला सगळ्यांत जुना सिद्धान्त या चित्राला अगदी फिट्ट बसतो, आणि म्हणूनच मला त्याची भीती वाटते. मोझेस फिन्लीने १९७३ मध्ये मांडलं (मूळ कल्पना माक्स वेबरची) की प्राचीन शहर हे खाऊ शहर. जमीनदार शहरात राहतो, खेड्यातून खंड आणि कर ओढतो, परत फारसं काही देत नाही. कारागिरी, व्यापार आहे, पण तो जमीनदारांच्या चैनीपुरता. आता चिनिजानोचे निष्कर्ष याच्याशेजारी ठेवा. गोठ्याच्या जागी विकतची भांडी. ती भांडी बनवणारे मार्त्सुओलोत, म्हणजे खेड्यातच. घाणा शेतात. मग शहराने नेमकं काय केलं? इथे एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे: आठवडी बाजार. रोमन लोकांत दर आठव्या दिवशी बाजार भरायचा, त्याला ‘नुन्दिनाए’ म्हणत, म्हणजे ‘नवव्या दिवसाचा’, कारण ते मोजताना दोन्ही टोकं धरायचे. (हसू नका, सात दिवसांच्या काळाला आपण ‘आठवडा’ म्हणतो.) मध्य इटलीत दगडांवर कोरलेल्या याद्या सापडल्या आहेत, कुठल्या गावी कुठल्या दिवशी बाजार. त्यात शहरं आहेत, पण बाजारांची साखळी एका गावाहून दुसऱ्या गावी फिरत जाणारी आहे. भोवतालच्या मुलखासाठी आपल्याकडे ‘पंचक्रोशी’ हा छान शब्द आहे, पण त्यातही मधोमध एक गाव धरूनच पाच कोस मोजलेले असतात. चिनिजानोच्या माणसाच्या डोक्यातल्या मुलखाला असं एकच मध्य होतं की नाही याची मला शंका आहे.

बोव्जच्या पुस्तकाचं एवढं कौतुक केल्यावर त्यातल्या दोन गोष्टी ज्या मला पटत नाहीत त्या सांगतो.

पहिली नावातच आहे. ‘पेझंट’, म्हणजे शेतकरी, कुळवाडी. चर कुणी खणला हे चर सांगत नाही. स्वतःच्या जमिनीत स्वतः खणला, की जमीनदाराच्या जमिनीत कुळाने खणला, की गुलामाने मुकादमाच्या देखरेखीखाली? मातीत तिन्ही चर एकसारखेच दिसतात. पुस्तकाचा ओढा सारखा असा, की बांधणी लहान आहे, जागा साधी आहे, म्हणजे माणूस गरीब आणि स्वतंत्र. पण ठिपका लहान म्हणून शेतकऱ्याचा, हे तर जुन्या सूचीचंच तर्कशास्त्र! घर म्हणायचं सोडलं, पण मालकाची जात तीच ठेवली. कासे नुओव्हेच्या घाण्याबद्दल लेखक म्हणतात की तो अनेकांनी मिळून वापरला. असेलही. एखाद्या मोठ्या मालकाने तो बांधून कुळांकडून वापराचं भाडं घेतलं असणंही तितकंच शक्य आहे, आणि त्या दोन शक्यतांमध्ये फिन्लीच्या सिद्धान्ताचं जगणं-मरणं आहे. चांगली भांडी सापडली म्हणजे खरेदीची ताकद होती, हेही सरळ धरता येत नाही. मालकाने दिलेली, शहरातल्या घरातून टाकून दिलेली भांडी शेतावर येत नाहीत असं कुणी सांगावं? घरातला जुना पेला आधी शेतावर जातो, हे कुठल्याही शेतकरी घरात विचारा.

दुसरी गोष्ट जागेची. चिनिजानो डोंगराळ आतला भाग आहे, रोमपासून दूर, मोठ्या शहरापासूनही लांब. तिथे जगणं चार जागांत वाटलेलं होतं म्हणून फालेरी नोव्हीच्या तटाबाहेर किंवा रोमच्या वेशीवर तसंच होतं असं म्हणता येणार नाही. राजधानीला रोज भाजी, फुलं, कोंबड्या पुरवणारा माणूस आणि डोंगरात पाळीपाळीने गहू-चारा घेणारा माणूस यांची शेतं वेगळी, दिवस वेगळा, घरंही वेगळी असणार. लेखक हे जाणतात, प्रस्तावनेत सावध आहेत, पण शेवटच्या प्रकरणांपर्यंत येता येता ‘चिनिजानोत’ हा शब्द गळून पडतो आणि ‘रोमन शेतकरी’ उरतो. मूठभर जागा आणि सहा उन्हाळे. याहून जास्त कुणी केलेलं नाही हे खरं, पण म्हणून ते पुरेसं होत नाही.

मग ठिपक्यांचं करायचं काय? फेकून द्यायचे? मुळीच नाही. माझ्या प्रबंधातली जवळपास सगळी आकडेवारी त्यांच्यावरच आहे, तेव्हा फेकून मला परवडणारही नाही. मला वाटतं त्यांना माणसांऐवजी कामाची नोंद म्हणून वाचायला हवं. प्रत्येक ठिपका सांगतो की इथे कुणीतरी जमिनीत काही गुंतवलं: कौलं वाहून आणली, चर खणला, रांजण पुरला. कुठल्या शतकात अशी गुंतवणूक वाढली, शहरापासून किती अंतरावर वाढली, रस्त्याकाठी की नदीकाठी, हे प्रश्न ठिपके झेलू शकतात. साठवणीच्या रांजणांची खापरं जास्त की ताटवाट्यांची, कौलांचं वजन किती, चुलीवरच्या काळवंडलेल्या भांड्यांचे तुकडे आहेत की नाहीत, एवढं नोंदवलं तरी गोठा आणि घर यांत थोडा फरक करता येईल. चूल असेल तिथे निदान एक रात्र तरी कुणीतरी जेवलं. जुन्या सर्वेक्षणांत गोळा करणाऱ्यांनी चकचकीत भांडी उचलली, कारण त्यांवरून तारीख लागते, आणि स्वयंपाकाच्या मडक्यांचे तुकडे बरेचदा शेतातच सोडले. ज्या तुकड्यांवरून तिथे कुणी राहत होतं का हे कळलं असतं, तेच मागे राहिले.

नव्या सर्वेक्षणांत ही काळजी घेतली जाते. दक्षिण एट्रुरियाच्या बाबतीत मात्र बऱ्याच ठिकाणी ती वेळ गेलीय. वॉर्ड-पर्किन्सच्या लोकांनी चाललेल्या शेतांपैकी कितीतरी शेतांवर आता रोमची उपनगरं, गोदामं, रस्ते आहेत. तिथे परत जाऊन ठिपका खणून बघता येणार नाही. खोक्यांत ठेवलेली खापरं आणि त्यांच्यासोबतच्या जुन्या नोंदी, एवढंच आहे. नकाशा नव्याने छापताना निदान सूचीत ‘शेतकऱ्याचं घर’च्या जागी ‘खापरं आणि कौलं, न खणलेली’ असं लिहिता येईल. तेवढी जागा कोपऱ्यात असते.